कलौंजी, दारुहळद आणि अर्धवट सोडलेला कोर्स

मोहल्ल्यातल्या कोणत्याही मेडिकलसमोर दहा मिनिटे उभे राहिलात, तर दोन गोष्टी हमखास दिसतात. कुणीतरी येतो आणि डॉक्टरची चिठ्ठी नसताना ‘मागच्या वेळी दिली होती ती गोळी’ मागतो. पाच दिवसांच्या गोळ्या परवडत नाहीत म्हणून पट्टीतून चारच कापून घेतो. त्याच काउंटरवर कलौंजीच्या तेलाच्या बाटल्या मांडलेल्या असतात. त्यावर खजुराचे झाड, उर्दूत ‘तिब्ब-ए-नबवी’ आणि खाली आजारांची लांबलचक यादी: मधुमेह, दमा, सांधेदुखी, मूतखडा, केसगळती. बरेचदा दोन्ही वस्तू एकाच पिशवीतून घरी जातात.

सुशिक्षित मंडळी पहिल्या सवयीला निष्काळजीपणा आणि दुसरीला अंधश्रद्धा म्हणून मोकळी होतात. मला मात्र दोन्हींच्या मुळाशी एकच उणीव दिसते. हे औषध कशावर चालते, किती प्रमाणात चालते आणि ते कुणी, कसे तपासले, हा प्रश्न आपण गोळीलाही विचारत नाही आणि बाटलीलाही विचारत नाही. वनस्पतींत जिवाणूंशी लढण्याची ताकद खरोखर आहे. पण हा प्रश्न न विचारल्यामुळे त्या ताकदीचे जेवढे नुकसान झाले, तेवढे तिच्या टीकाकारांनीही केलेले नाही.

संकट किती जवळ आले आहे

पेनिसिलीनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल स्वीकारताना केलेल्या भाषणातच धोक्याची सूचना दिली होती. अपुऱ्या मात्रेत औषध घेतले तर जिवाणू मरत नाहीत, उलट त्या औषधाला तोंड द्यायला शिकतात, असे त्यांचे म्हणणे होते. २०२२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जगभरचा अंदाज प्रसिद्ध झाला. २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे थेट सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली. ज्या मृत्यूंमध्ये अशा जिवाणूंचा काही ना काही हात होता, त्यांची संख्या सुमारे ४९ लाख ५० हजार होती.

हे आकडे दूरचे वाटत असतील तर मुंबईकडे पाहा. २०११च्या अखेरीस तिथल्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी क्षयाच्या चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांचे जंतू तपासलेल्या कोणत्याही औषधाला दाद देत नव्हते. त्याच्या आदल्या वर्षी धारावीतल्या १०६ खासगी डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. क्षयाच्या रुग्णाला काय द्याल, असे विचारल्यावर या १०६ जणांनी औषधांच्या ६३ वेगवेगळ्या जुळण्या लिहिल्या. बरोबर चिठ्ठी फक्त सहा जणांची होती. दोष केवळ गोळ्या कापून नेणाऱ्या गरीब माणसाचा नाही, हे यावरून लक्षात यावे.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्रत्येक आजारात औषध किती दिवस घ्यावे, यावर आता शास्त्रज्ञांमध्येही चर्चा आहे आणि काही संसर्गांत कोर्स पूर्वीपेक्षा लहान झाले आहेत. पण तो निर्णय अभ्यासाने आणि डॉक्टरच्या सल्ल्याने व्हायचा असतो. खिशाकडे बघून किंवा ताप उतरला म्हणून परस्पर घ्यायचा तो निर्णय नाही. क्षयाच्या बाबतीत तर मुळीच नाही.

वनस्पतीत खरेच काही आहे का?

आहे. झाडाला पळून जाता येत नाही. किडीशी, बुरशीशी, जिवाणूंशी ते आपल्या रसायनांनी लढते. ओव्यातले थायमॉल आजही तोंड धुण्याच्या द्रवांत वापरले जाते. लवंगेतले युजेनॉल दाताच्या डॉक्टरांच्या रोजच्या वापरात आहे. लसणीत अ‍ॅलिसिन, दारुहळदीत बर्बेरीन, हळदीत कर्क्युमिन आणि कलौंजीत थायमोक्विनोन असते. या सर्वांचा जिवाणूंवरचा परिणाम प्रयोगशाळेत दिसलेला आहे. तो नाकारणे अडाणीपणाचे होईल.

पण प्रयोगशाळेत दिसणे म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. काचेच्या बशीत जिवाणू वाढवतात, मध्ये छोटी खळगी करून वनस्पतीचा अर्क घालतात. भोवती जिवाणू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ उमटले, की अर्क जिवाणूरोधक ठरतो. आपल्याकडच्या अनेक महाविद्यालयांत मायक्रोबायोलॉजीचे विद्यार्थी कडुनिंब, तुळस, हळद घेऊन हा प्रयोग करतात. पहिली पायरी म्हणून तो चांगलाच आहे. मात्र तसे वर्तुळ व्हिनेगरही उमटवते आणि स्पिरिटही. म्हणून कुणी न्यूमोनियाच्या रुग्णाला स्पिरिट पाजत नाही.

पुढचा प्रश्न प्रमाणाचा येतो. चांगल्या अँटिबायोटिकचे एका मिलीलिटरमागे एक-दोन मायक्रोग्रॅम, कधी त्याहूनही कमी, पुरतात. कच्च्या अर्काचे बरेचदा शेकडो, हजारो मायक्रोग्रॅम लागतात. एवढे प्रमाण माणसाच्या रक्तात पोहोचवायचे कसे? हळदीतले कर्क्युमिन आतड्यातून रक्तात जवळजवळ उतरतच नाही. लसूण ठेचली की अ‍ॅलिसिन तयार होते, पण आचेवर ते टिकत नाही. त्यामुळे फोडणीतल्या लसणीकडून औषधाची अपेक्षा करण्यात अर्थ नाही. शिवाय झाड कोणत्या मातीतले, कोणत्या ऋतूत तोडलेले, किती दिवस साठवलेले, यावरही अर्कातल्या द्रव्याचे प्रमाण बदलते. कलौंजी म्हणून कांद्याचे बी गळ्यात मारले जाते ते वेगळेच.

एकट्याने नाही, जोडीने

मग या अर्कांचा उपयोग काय? मला वाटते, सर्वांत आश्वासक उत्तर ‘अँटिबायोटिकऐवजी’ या शब्दात सापडणार नाही. ते ‘अँटिबायोटिकसोबत’ या शब्दात आहे.

ऑगमेंटिनची गोळी बहुतेक घरांत कधी ना कधी येऊन गेलेली असते. तिच्यात दोन द्रव्ये असतात. एक अमॉक्सिसिलिन आणि दुसरे क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिड. हे दुसरे द्रव्य मातीतल्या एका जिवाणूपासून मिळते आणि ते एकटे फारसे जंतू मारत नाही. जंतू अमॉक्सिसिलिनला तोडण्यासाठी जे विकर सोडतात, त्याला ते निकामी करते. मग अमॉक्सिसिलिन आपले काम करते. म्हणजे सोबत्याचे काम मारण्याचे नसून मारणाऱ्याची वाट मोकळी करण्याचे आहे. वनस्पतींतून असा सोबती मिळेल का, हा आजच्या संशोधनातला खरा प्रश्न आहे.

दारुहळदीच्या कुळात त्याचे सुंदर उदाहरण सापडले. बर्बेरीन जिवाणूच्या आत शिरते, पण जिवाणू एका पंपासारख्या यंत्रणेने ते बाहेर फेकतो. २००० साली अमेरिकी संशोधकांनी दाखवले, की या कुळातल्या तिथल्या एका झुडपात बर्बेरीनबरोबर आणखी एक रसायन असते. ते स्वतः जिवाणू मारत नाही, पण पंप अडवते. एकाच झाडाने बंदूकही बनवली होती आणि शत्रूच्या दाराला लावायची पाचरही. हकीम-वैद्य एकच द्रव्य वेगळे न काढता अख्खी मुळी का वापरतात, या प्रश्नाचे निदान एका झाडापुरते उत्तर यात मिळते.

पण इथेच सावध व्हायला हवे, आणि त्यासाठी सर्पगंधेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. हकीम अजमल खान यांच्या पुढाकारातून दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात संशोधन सुरू झाले. जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले सलीमुज्जमाँ सिद्दिकी तिथे काम करू लागले. १९३१ साली त्यांनी सर्पगंधेच्या मुळातून एक द्रव्य वेगळे केले आणि हकीमसाहेबांच्या नावावरून त्याला ‘अजमलीन’ म्हटले. पुढे १९४२मध्ये कडुनिंबाच्या तेलातून त्यांनी निंबिन, निंबिनिन आणि निंबिडिन ही द्रव्ये वेगळी केली. १९४९मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरचा उपयोग रुग्णांवर तपासून ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि जगाने त्याची दखल घेतली. पुढे याच मुळातून निघालेले रेसर्पिन जिवाणूचा तो पंपही अडवते, असे प्रयोगशाळेत दिसले. त्याच्या सोबतीने काही अँटिबायोटिक दाद न देणाऱ्या जंतूंवर पुन्हा चालू लागतात. मग ते बाजारात का नाही? कारण पंप अडवायला जेवढे रेसर्पिन लागते, तेवढे माणसाला सोसत नाही. बशीत जिंकलेली लढाई शरीरात अशी हरता येते. पंप अडवणारा सोबती म्हणून एकाही वनस्पतिजन्य औषधाला आजवर मान्यता मिळालेली नाही.

रुग्णांवरची चाचणी काय शिकवते, याचे चांगले उदाहरण बांगलादेशात आहे. १९८७ साली तिथल्या संशोधकांनी तीव्र जुलाबाच्या १६५ प्रौढ रुग्णांवरची बर्बेरीनची चाचणी प्रसिद्ध केली. ई. कोलायच्या एका प्रकारामुळे झालेल्या जुलाबांत २४ तासांत बर्बेरीन घेतलेल्यांपैकी ४२ टक्क्यांचे जुलाब थांबले, न घेतलेल्यांपैकी २० टक्क्यांचे. कॉलऱ्यात मात्र फायदा किरकोळ होता आणि टेट्रासायक्लिनच्या जोडीला बर्बेरीन दिल्याने काहीच अधिक पदरात पडले नाही. एकच द्रव्य, एकाच प्रकारचे दुखणे, जंतू वेगळा आणि निष्कर्ष वेगळा. ‘दारुहळद जुलाबावर चालते’ हे वाक्य म्हणूनच अर्धे आहे.

आपल्या देशात एक जोडी दवाखान्यापर्यंत पोहोचली. जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेने एका औषध कंपनीबरोबर काम करून क्षयावरच्या रिफॅम्पिसिनला काळ्या मिरीतल्या पायपेरीनची जोड दिली. पायपेरीनमुळे रिफॅम्पिसिन रक्तात अधिक प्रमाणात उतरते. ४५० मिलिग्रॅमच्या जागी २०० मिलिग्रॅम वापरणारी ही गोळी २००९मध्ये बाजारात आली. मिरीसारखी साधी वस्तू, पण मोजलेली, तपासलेली, मिलिग्रॅममध्ये बांधलेली. वाचून कुणी क्षयाची मात्रा कमी करून वर मिरपूड खाऊ लागेल, तर तो जिवाशी खेळ होईल.

घरात काय करावे

जोडी नेहमी फायद्याचीच असते असेही नाही. सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा डॉक्सीसायक्लिनची गोळी चालू असताना घरातले वडीलधारे मायेने हळदीचे दूध हातात देतात. दुधातले कॅल्शियम या औषधांना बांधून ठेवते आणि औषध रक्तात कमी उतरते. पायपेरीन फिट्सवरच्या फेनिटोइनसारख्या औषधाचीही रक्तातली पातळी वाढवू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर लसणीच्या कॅप्सूल घेणे धोक्याचे ठरू शकते. म्हणून काढा, तेल, माजून, चूर्ण जे काही चालू असेल ते डॉक्टरला सांगावे. ‘ते काय औषध थोडेच आहे’ म्हणून लपवू नये. औषध नसेल तर ते घेता कशाला?

मात्र एका ठिकाणी घरगुती उपायांचे मोल मोठे आहे. साधी सर्दी आणि बहुतेक खोकले विषाणूंमुळे होतात आणि अँटिबायोटिकचा विषाणूंवर काडीइतकाही परिणाम होत नाही. तिथे गरम पाणी, आल्याचा काढा, मध यांनी आराम पडत असेल तर एक निरुपयोगी अँटिबायोटिक वाचते. २०१८मध्ये ब्रिटनच्या सरकारी आरोग्य संस्थांनीही साध्या खोकल्यात आधी मध वापरून पाहा, असा सल्ला दिला. फक्त एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये, त्यातून जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते.

याच दिशेने युरोपात २०१८ साली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. लघवीच्या साध्या जळजळीने त्रस्त ६५९ महिलांपैकी निम्म्यांना तीन वनस्पतींपासून बनवलेले औषध दिले, निम्म्यांना अँटिबायोटिक. वनस्पतीच्या गटातल्या सुमारे ८४ टक्के महिलांना नंतर वेगळे अँटिबायोटिक लागले नाही. दुसऱ्या गटात हे प्रमाण सुमारे ९० टक्के होते. चाचणीचा खर्च औषध बनवणाऱ्या कंपनीचा होता आणि मूत्रपिंडापर्यंत संसर्ग गेलेल्या महिला वनस्पतीच्या गटात पाच, तर दुसऱ्यात एक होती. हे सगळे कागदावर आहे, म्हणून त्यावर बोलता येते. फायदा किती आणि धोका किती, हे रुग्णाला समोर ठेवून सांगता येते. आपल्या कलौंजीच्या बाटलीवर यातले काय असते?

श्रद्धेचा प्रश्न नाही

इथे कुणी म्हणेल, कलौंजीबद्दल हदीस आहे, तुम्ही त्यावर शंका घेता का? शंका मी हदीसवर घेत नाही, बाटलीवर घेतो. उपचार करून घ्या, अशी शिकवणही हदीसमध्येच आहे आणि कोणत्याही बाटलीवाल्याला आपल्या तेलावर पैगंबरांचे नाव छापण्याचा परवाना तिथे कुणी दिलेला नाही. इब्न खल्दूनने चौदाव्या शतकात ‘मुकद्दिमा’त स्पष्ट म्हटले होते, की पैगंबरांच्या नावे सांगितली जाणारी वैद्यकी ही त्या काळच्या अरबांची रूढ वैद्यकी होती. ती वहीचा, म्हणजे ईश्वरी संदेशाचा भाग नव्हती. पैगंबर दीन शिकवायला आले होते. सगळे उलेमा हे मत जसेच्या तसे मानत नाहीत. पण असा प्रश्न विचारल्याने कुणी धर्माबाहेर जात नाही, एवढे तरी त्यातून कळते.

तिब्बची परंपरा तर तपासणीवरच उभी आहे. इब्न सीनाने हजार वर्षांपूर्वी ‘अल-कानून’च्या दुसऱ्या भागात औषध तपासण्याचे सात नियम लिहिले. औषधात बाहेरची भेसळ नसावी. ते एकाच साध्या आजारावर तपासावे, गुंतागुंतीच्या नव्हे. परिणाम कधी दिसतो याची वेळ पाहावी. तो पुन्हा पुन्हा दिसतो का हे पाहावे, नाहीतर तो योगायोग समजावा. आणि शेवटी तपासणी माणसावरच व्हावी, कारण सिंहावर किंवा घोड्यावर लागू पडलेले माणसाला लागू पडेलच असे नाही. काचेच्या बशीवर विसंबून जाहिरात करणाऱ्यांना याहून चोख उत्तर दुसरे नाही. ज्या समाजाने हे नियम जगाला दिले, त्याने आज व्हॉट्सअ‍ॅपवरच्या नुस्ख्यांवर समाधान मानावे, याचे मला वाईट वाटते.

२०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कान उपटल्यावर पतंजलीला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल वृत्तपत्रांत माफीनामे छापावे लागले, तेव्हा आपल्यातले अनेक जण खूश झाले. गोमूत्राच्या दाव्यांवरही आपण हसतो. हसावे, हरकत नाही. पण तीच फूटपट्टी कलौंजीच्या तेलाला लावायची तयारी हवी. हळदीच्या पेटंटची आठवणही इथे उपयोगी आहे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे अमेरिकी पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने १९९७मध्ये रद्द करून घेतले. तो विजय अभिमानास्पद होता. पण पेटंट रद्द झाले ते हा उपयोग जुनाच आहे म्हणून. जुना उपयोग किती गुणकारी आहे, हे तिथे कुणी ठरवले नव्हते. आपली परंपरा जुनी आहे, एवढ्याने ती औषध म्हणून सिद्ध होत नाही.

मालेगाव, भिवंडी, मुंब्रा, गोवंडीसारख्या वस्त्यांत पहाटे-रात्री दार वाजवले तर उघडणारा डॉक्टर बहुधा बीयूएमएस असतो. त्याने साडेपाच वर्षे युनानी शिकलेली असते आणि चिठ्ठीवर मात्र अँटिबायोटिक लिहावे लागते. त्याला नावे ठेवणे सोपे आहे, पण तो नसता तर या वस्त्यांत कोण होते? दोन्ही भाषा जाणणारा हा माणूस खरे तर या कामाचा दुवा होऊ शकतो. त्यासाठी कोणत्या जंतूवर कोणते औषध आपल्या शहरात अजून चालते, याची माहिती त्याच्यापर्यंत पोहोचली पाहिजे. युनानी महाविद्यालयांनी बशीतल्या वर्तुळांपुढे जाऊन शेजारच्या रुग्णालयाच्या मदतीने रुग्णांवरच्या छोट्या, पण नोंदणीकृत चाचण्या हाती घेतल्या पाहिजेत. निष्कर्ष विरोधात गेला तरी तो छापला पाहिजे. जुन्या ग्रंथात नाव आहे एवढ्यावर औषधाला परवाना मिळण्याची सवलत सरकारनेही एकदा तपासून पाहावी. पोलिओच्या वेळी मशिदींतून आवाहने झाली आणि त्यांचा उपयोग झाला. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक घेऊ नका, क्षयाचे औषध मध्येच सोडू नका, एवढे दोन वाक्यांचे आवाहन जुम्याच्या नमाजनंतर करायला काय हरकत आहे?

दारुहळदीत, मिरीत, कदाचित कलौंजीतही उद्याच्या एखाद्या जीव वाचवणाऱ्या गोळीचा सोबती दडलेला असू शकतो. तो शोधायला वेळ लागेल. तोपर्यंत हाताशी असलेली अँटिबायोटिक टिकवून ठेवणे आपल्या हातात आहे. कारण सोबती सापडला आणि ज्याला सोबत द्यायची ते औषधच निकामी झालेले असले, तर त्या शोधाचा कुणालाच उपयोग होणार नाही.